व्हिट्रुव्हियसचा वास्तुविशारद : एका अभ्यासक्रमाची समीक्षा

वास्तुकलेच्या पहिल्या वर्षात व्हिट्रुव्हियस भेटतो तो तीन शब्दांपुरता: मजबुती, सोय आणि सौंदर्य. त्यावर टीप विचारली जाते, टीप लिहिली जाते, आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला हा रोमन लेखक पुन्हा कपाटात जातो. खरे म्हणजे हे तीन शब्द त्याच्या दहा पुस्तकांच्या ग्रंथात पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात, तेही जाता जाता येतात. त्याआधीचे पहिले प्रकरण मात्र संपूर्णपणे एका प्रश्नाला वाहिलेले आहे. वास्तुविशारद कोणाला म्हणावे, आणि तो होण्यासाठी काय शिकावे लागते? प्राचीन ग्रीस-रोममधून वास्तुकलेवरचा हा एकच ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचला आहे, त्यामुळे पुढच्या काळात या प्रश्नाचे उत्तर शोधणारा प्रत्येक जण याच प्रकरणापाशी येऊन थांबला. प्रस्तुत टिपणात त्या प्रकरणाचे वाचन करायचे आहे. त्यात एक तडा आहे असे माझे मत आहे, आणि आपल्या देशात आज जे पाच वर्षांचे शिक्षण दिले जाते त्यातही तो उतरला आहे.

एक शब्दाचा खुलासा. 'आर्किटेक्ट' या अर्थाने येथे 'वास्तुविशारद' हा शब्द वापरला आहे. 'वास्तुशास्त्रज्ञ' हाही शब्द मराठीत आहे. पण आता वास्तुशास्त्र म्हटले की स्वयंपाकघर आग्नेयेला हलवायला सांगणारे सल्लागारच डोळ्यांपुढे येतात, म्हणून तो टाळला.

लेखक कोण आहे ते आधी पाहू. व्हिट्रुव्हियसने ज्युलियस सीझर आणि नंतर ऑगस्टस यांच्या सैन्यासाठी दगड आणि बाण फेकणाऱ्या यंत्रांचे काम केले. ऑगस्टसच्या बहिणीच्या शिफारशीमुळे आपला तनखा पुढेही चालू राहिला, हे तो स्वतःच कृतज्ञतेने नोंदवतो. इमारत म्हणावी तर एकाच इमारतीचे श्रेय तो स्वतःकडे घेतो: आद्रियाटिक किनाऱ्यावरच्या फानो गावातले बॅसिलिका नावाचे सार्वजनिक सभागृह. दुसऱ्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत तर तो सांगून टाकतो की आपण उंच नाही, वयाने चेहरा बिघडला आहे, तब्येत खालावली आहे, तेव्हा आपली शिफारस आपल्या ज्ञानानेच व्हावी. म्हणजे यंत्रांवर आयुष्य घालवलेला एक वयस्क तंत्रज्ञ सम्राटाला पटवून देतो आहे की माझा व्यवसाय विद्वानांचा आहे. त्या काळच्या रोममध्ये इमारतींची कामे करणाऱ्यांत गुलाम होते, मुक्त झालेले गुलाम होते, ग्रीक होते, सैनिकही होते. सिसेरोने वैद्यक, वास्तुकला आणि अध्यापन या कामांना प्रतिष्ठित ठरवले खरे, पण ज्यांच्या सामाजिक दर्जाला ती शोभतात त्यांच्यापुरतेच, अशी मेख मारून. ही पार्श्वभूमी डोक्यात नसेल तर पहिल्या प्रकरणातली लांबलचक यादी नुसती हौस वाटते. ती हौस नाही, तो अर्ज आहे.

प्रकरणाची सुरुवात मात्र फार सरळ आणि सुंदर आहे. वास्तुविशारदाचे ज्ञान दोन गोष्टींतून जन्मते, असे तो म्हणतो. एक म्हणजे हातांनी, साहित्यावर, पुन्हा पुन्हा करून घटवलेले काम. दुसरी म्हणजे केलेले काम कशामुळे तसे केले हे कारणांसह उलगडून सांगण्याची शक्ती. ज्यांनी अक्षरविद्या बाजूला ठेवून केवळ हात कमावला त्यांना त्यांच्या कष्टांच्या तोडीचा अधिकार मिळाला नाही. ज्यांनी केवळ तर्कावर आणि पुस्तकांवर विसंबून काम केले ते सावलीच्या मागे धावले. दोन्ही शस्त्रे ज्यांच्यापाशी होती तेच लवकर मुक्कामी पोहोचले. वास्तुशिक्षणाविषयी इतके नेमके कोणी क्वचितच लिहिले असेल. पहिल्या वाक्यात दोष अधिकाराचा आहे, दुसऱ्यात वस्तूचा: हातवाल्याला मान मिळत नाही, पुस्तकवाल्याच्या हाती काही लागत नाही. हा फरक त्याने मुद्दाम केला की आपसूक झाला, सांगता येणार नाही. पण तो खरा आहे.

यानंतर नऊ विद्यांची यादी येते: अक्षरविद्या, रेखाटन, भूमिती, इतिहास, तत्त्वज्ञान, संगीत, वैद्यक, कायदा आणि खगोल. वरवर पाहता हे अतीच वाटते. वास्तुविशारदाला संगीत कशाला? उत्तर गमतीदार आहे आणि पूर्णपणे व्यावहारिक. दगड फेकणाऱ्या यंत्राच्या दोन्ही बाजूंना स्नायूंच्या दोऱ्यांचे पीळ असतात. दोन्हींचा ताण सारखा नसेल तर दगड तिरका जातो. तो ताण डोळ्यांनी कळत नाही, छेडून ऐकावा लागतो. दोन्ही पिळांतून एकच स्वर निघाला म्हणजे यंत्र जुळले. तबल्याची शाई-गाब न पाहता कानाने तबला जुळवणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. नाट्यगृहात आवाज घुमावा म्हणून आसनांखाली कांस्याची भांडी ठेवत, त्यांचे स्वर जुळवण्यासाठीही संगीत हवे.

वैद्यक हवे ते जागा निरोगी आहे की रोगट, पाणी कसे, वारा कसा हे ठरवण्यासाठी. कायदा हवा तो सामाईक भिंत, पागोळ्यांचे पाणी, गटार आणि खिडकीचा उजेड यांवरून होणारी भांडणे आधीच टाळण्यासाठी, आणि करारनामा असा लिहिण्यासाठी की काम संपल्यावर मालक आणि ठेकेदार कोर्टात भेटू नयेत. आपल्याकडे आजही कोणत्याही गावात, कोणत्याही भाषेत, शेजाऱ्याच्या पागोळ्यांवरून वाद चालतात. अंकगणित खर्चासाठी. खगोल दिशा आणि सावल्यांची घड्याळे यांसाठी. तत्त्वज्ञानाने माणूस हावरा होत नाही, असे तो म्हणतो. हा एक दावा मी त्याच्या वयाला माफ करतो.

इतिहासाबद्दल तो जे सांगतो त्यात मात्र खोट आहे. खांबाऐवजी स्त्रीची मूर्ती का, असे कोणी विचारले तर वास्तुविशारदाला उत्तर देता यावे, म्हणून इतिहास. कारिया या ग्रीक गावाने पर्शियनांची बाजू घेतली, गाव जिंकल्यावर तिथल्या स्त्रियांना दासी केले गेले, आणि त्यांच्या अपमानाची आठवण राहावी म्हणून त्या दगडात ओझे वाहत उभ्या आहेत, ही त्याची कथा. आधुनिक अभ्यासक तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. इतिहास येथे गिऱ्हाइकाला सांगायची गोष्ट होऊन बसतो, आणि वास्तुकलेच्या शिक्षणात इतिहासाचे अनेकदा पुढेही तेच झाले.

आता तडा कुठे आहे ते पाहू. नऊ विद्या सांगून झाल्यावर व्हिट्रुव्हियसला कळते की कोणी विचारील: एका माणसाला हे सारे कसे जमावे? प्रियेने येथील अथेनाच्या मंदिराचा वास्तुविशारद पिथिओस याने तर म्हटले होते की वास्तुविशारद प्रत्येक विद्येत त्या त्या तज्ज्ञाहून सरस हवा. हे अशक्य आहे, असे व्हिट्रुव्हियस शहाणपणाने सांगतो. मग तोडगा काढतो तो असा. प्रत्येक कलेचे दोन भाग असतात: प्रत्यक्ष कृती आणि तिच्यामागचा विचार. कृती ही ज्याने त्या कामात आयुष्य घातले त्याची. विचार मात्र सर्व सुशिक्षितांचा सामाईक. नाडीचा ताल वैद्यालाही कळतो आणि संगीतकारालाही. पण जखम बांधायची वेळ आली तर वैद्यालाच बोलावतात. तेव्हा वास्तुविशारदाने विद्यांचा विचार जाणला म्हणजे पुरे.

हे तो इतर कलांविषयी बोलतो आहे, बांधकामाविषयी नाही, हे कबूल केले पाहिजे. तरीही वापरलेले शब्द पाहा. प्रकरणाच्या पहिल्या परिच्छेदात हाताचे काम आणि विचार एकाच माणसात हवे होते. शेवटाकडे येताना तीच जोडी पुन्हा येते, आणि या वेळी ती दोन माणसांत वाटली जाते: काम करणारा एक, जाणणारा दुसरा. मधल्या सगळ्या पानांत हातांविषयी जवळजवळ काही नाही. चुना कसा मळावा, वीट कोणती घ्यावी हे दुसऱ्या पुस्तकात आहे, पण वास्तुविशारदाने ते कुठे, कोणाच्या हाताखाली, किती वर्षे शिकावे याविषयी शिक्षणाच्या प्रकरणात एक ओळ नाही. सुरुवातीच्या सुंदर वाक्याचे वचन पाळले गेले नाही. पुढे पंधराव्या शतकात आल्बेर्तीने सुताराला वास्तुविशारदाच्या हातातले हत्यार म्हटले, तेव्हा ही वाटणी पक्की झाली.

हे अधिक खटकते ते शब्दाच्या मुळाकडे पाहिल्यावर. ग्रीक 'आर्खितेक्तोन' म्हणजे मुख्य 'तेक्तोन', आणि तेक्तोन म्हणजे सुतार, बांधणारा. तोच धातू संस्कृतात तक्ष् म्हणून आहे, तासणे या अर्थाने. त्यातून तक्षन् आणि तक्षक. म्हणजे आर्किटेक्ट हा शब्द मुळात आपल्या तक्षकाचा दूरचा भाऊ, थोरला सुतार. मराठीतला सुतार मात्र वेगळ्या घरातून आला: सूत्रधार, म्हणजे दोरी धरणारा. नाटकाच्या रंगमंचावर जो सूत्रधार मानाने येतो, त्याचाच शब्द झिजून रंधा मारणाऱ्याकडे आला.

तक्षक आणि दोरी धरणारा हे दोघेही दक्षिण भारतातल्या 'मयमत' या वास्तुग्रंथात भेटतात. हा ग्रंथ साधारण चोळकाळातला मानतात. त्यात एकटा वास्तुविशारद नाहीच. चौघे आहेत. स्थपती सर्व शास्त्रे जाणणारा, गणिती, सत्यवचनी, मत्सर नसलेला. ही गुणांची यादी वाचताना व्हिट्रुव्हियसचीच आठवण होते, आणि तितकीच ती आदर्शाच्या धुक्यात आहे. सूत्रग्राही हा स्थपतीचा शिष्य किंवा मुलगा, दोरी आणि मापाचा दंड चालवणारा, स्थपतीच्या सांगण्याप्रमाणे सारी कामे करवून घेणारा. तक्षक लाकूड-दगड तासतो. वर्धकी तासलेले भाग जोडतो, जुळवतो, वाढवतो. आणि मग ग्रंथ म्हणतो की या चौघांवाचून घर उभे राहू शकत नाही, तेव्हा त्यांना संतुष्ट ठेवावे. व्हिट्रुव्हियसच्या प्रकरणात असे वाक्य नाही. तिथे एका माणसाच्या डोक्यात नऊ विद्या आहेत. इथे एक काम चार जोड्या हातांत आहे, आणि तळापासून वरपर्यंत ती साखळी एकमेकांना ओळखते.

पण इथे हरखून जायचे कारण नाही. शिष्य किंवा मुलगा, या दोन शब्दांत काय दडले आहे ते आपल्या देशातल्या विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागू नये. ही विद्या घराण्यात आणि जातीत फिरत राहिली. मयमतातल्या चौघांत एकही स्त्री नाही, आणि बांधकामावर स्त्रिया त्या वेळी काय करत होत्या हे ग्रंथाला सांगावेसे वाटलेले नाही. व्हिट्रुव्हियसही सहाव्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत जुन्या काळाविषयी हळवा होऊन लिहितो: पूर्वीचे वास्तुविशारद फक्त आपल्या मुलांना आणि नातलगांना शिकवत, आणि त्यांना ज्यांच्या हाती पैसा सोपवावा अशी सचोटीची माणसे बनवत, आता कोणीही अडाणी उठतो आणि वास्तुविशारद म्हणवतो. त्याची ही कुरकुर आणि आपल्याकडची घराणेशाही यांत अंतर थोडे आहे.

म्हणूनच महाविद्यालय आणि प्रवेशपरीक्षा यांना नुसती नावे ठेवणे मला पटत नाही. मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आरेखकांचे वर्ग निघाले. त्यातून पुढे वास्तुकलेचा अभ्यासक्रम वाढला. सुरुवात आरेखकांपासून झाली हे लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण सरकारी बांधकाम खात्यांना नकाशे काढणारे हात हवे होते. तिथल्या माजी विद्यार्थ्यांनी १९१७ मध्ये काढलेल्या संघटनेतून आजची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स उभी राहिली. याच शाळेतून १९३६ मध्ये पेरीन मिस्त्री पदविका घेऊन बाहेर पडल्या. देशातल्या पहिल्या महिला वास्तुविशारद म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. वडील वास्तुविशारद होते, आणि आडनाव मिस्त्री. बाप-लेकाच्या साखळीत लेक शिरली ती कागदाच्या, परीक्षेच्या दाराने. घराण्याने जे दार बंद ठेवले होते ते कागदाने उघडले, हे श्रेय कागदाला द्यावेच लागेल.

त्याच कागदाने दुसरे एक दार बंद केले. आर्किटेक्ट्स अॅक्ट, १९७२ या कायद्यात आर्किटेक्टची व्याख्या एका ओळीची आहे: ज्याचे नाव सध्या नोंदवहीत आहे तो. व्हिट्रुव्हियसला जे सांगायला एक प्रकरण लागले, मयमताला काही श्लोक लागले, ते कायद्याने नोंदवहीकडे बोट दाखवून संपवले. नोंदवहीत कोण येणार, तर परिशिष्टातल्या मान्यताप्राप्त पदव्या असणारे. पहिली नोंदवही तयार होताना मात्र कायद्याने एक वाट ठेवली होती: पदवी नाही, पण ठरलेल्या तारखेआधी किमान पाच वर्षे वास्तुविशारद म्हणून व्यवसाय केला आहे, अशा नागरिकाला नाव नोंदवता येत होते. म्हणजे कामातून शिकलेला माणूसही वास्तुविशारद असू शकतो हे १९७२ च्या संसदेला मान्य होते. फक्त ते एकदाच मान्य होते. त्यानंतर त्या वाटेने आत यायची सोय राहिली नाही.

ल कॉर्बुझिए याच्याकडे वास्तुकलेची पदवी नव्हती; स्वित्झर्लंडमधल्या त्याच्या गावच्या कलाशाळेत तो घड्याळांच्या डब्यांवरचे कोरीवकाम शिकला आणि पुढे पेरे आणि बेहरेन्स यांच्या कार्यालयांत राबून तयार झाला. चंदीगड त्याने बांधले ते या कायद्याच्या वीस वर्षे आधी. जपानचा तादाओ आंदो कोणत्याही वास्तुशाळेत शिकलेला नाही, तरी त्याला १९९५ चे प्रित्झ्कर पारितोषिक मिळाले. ही दोन नावे सभेत हमखास घेतली जातात आणि त्यांच्यापुढे विद्यार्थ्याला वाटते की पदवी व्यर्थ आहे. ते चुकीचे. दोघांनीही शिक्षण टाळले नाही, फक्त ते वेगळ्या जागी घेतले. प्रश्न आहे तो अशा जागांना आपल्या नोंदवहीत रकाना का नाही, हा.

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये या कायद्याच्या ३७ व्या कलमाचा अर्थ लावताना जे म्हटले ते प्रत्येक विद्यार्थ्याने माहीत करून घ्यावे. कायदा 'आर्किटेक्ट' ही उपाधी वापरण्यावर बंधन घालतो. इमारतीचे आराखडे करण्याच्या कामावर घालत नाही. नाव राखीव, काम मोकळे. यावर व्यवसायातल्या अनेकांनी नाराजी दाखवली. ती समजण्यासारखी आहे, कारण पाच वर्षे आणि मोठी फी घालून मिळवलेली गोष्ट शेवटी पाटीवरच्या एका शब्दापुरती उरते. पण न्यायालयाने कायद्याच्या मजकुरात जे होते तेच वाचले. संसदेने राखून ठेवली ती उपाधीच.

आणि त्या पाच वर्षांत काय होते? स्टुडिओ, शीट, मॉडेल, ज्युरी. ज्युरीची पद्धत मला स्वतःला आवडते. विद्यार्थी भिंतीवर आपले आराखडे लावतो आणि उभ्याने उत्तरे देतो. हा व्हिट्रुव्हियसच्या दुसऱ्या शस्त्राचा, कारणे उलगडून सांगण्याचा, शुद्ध सराव आहे. कित्येक विद्याशाखांत असे कधीच करावे लागत नाही. पण पहिले शस्त्र? बांधकामशास्त्राच्या तासाला दीड विटेच्या भिंतीचा कोपरा इंग्लिश बाँडमध्ये काढायला लावतात. रेषा सुरेख येतात. मी असे कोपरे सुबक काढणारे विद्यार्थी पाहिले आहेत ज्यांनी वीट लावण्याआधी ती पाण्यात का भिजवतात हे कधी पाहिलेले नव्हते. कोरडी वीट मसाल्यातले पाणी पिऊन टाकते आणि सांधा कच्चा राहतो, हे गवंड्याला सांगावे लागत नाही. शीटवर भिंत २३० मिलिमीटरची असते. मानक संस्थेची वीट १९० बाय ९० बाय ९० ची. आणि भट्टीवरून ट्रकने येणारी वीट बंगालची वेगळी, केरळची वेगळी, दख्खनची वेगळी, आणि पावसाळ्याआधी घाईने भाजलेली तर आणखीच वेगळी. गवंडी हा सारा फरक सांध्याच्या जाडीत जिरवतो, ओळंबा सोडून पाहतो, थापीच्या मागच्या बाजूने वीट दोन वेळा ठोकतो आणि पुढे जातो. त्या दोन ठोक्यांत किती निर्णय असतात हे शिकवणारा विषय अभ्यासक्रमात नाही. अभ्यासक्रमातले प्रत्यक्ष कामाचे सत्र बहुतेकांचे कार्यालयात, संगणकापुढे जाते. साइटवर गेलेच तर वही घेऊन, हेल्मेट घालून, पाहुण्यासारखे.

याला अपवाद नाहीत असे नाही. बर्मिंगहॅमच्या वास्तुशाळेत शिकलेले लॉरी बेकर पिथोरागढच्या डोंगराळ गावांत राहिले तेव्हा आपले शिक्षण तिथे अपुरे पडते हे त्यांना दिसले, आणि गावकऱ्यांच्या घरांकडून त्यांनी पुन्हा शिकायला सुरुवात केली. पुढे केरळमध्ये त्यांनी विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचण्याची, आत पोकळी ठेवणारी रॅट-ट्रॅप पद्धत रूढ केली. तिने विटांची संख्या सुमारे पाव भागाने घटते आणि भिंत उष्णताही अडवते. हा शोध कागदावर लागणे कठीण. वीट हातात घेऊन फिरवून पाहणाऱ्यालाच तो सुचावा असा आहे. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजच्या आवारात ही भिंत आजही जवळ जाऊन पाहता येते.

दुसरे उदाहरण मामल्लपुरमचे. तिथल्या शासकीय महाविद्यालयात स्थपतींची परंपरा वर्गात आणली गेली. त्याचे प्राचार्य राहिलेले गणपती स्थपती यांनी कन्याकुमारीचा १३३ फुटी तिरुवळ्ळुवरांचा दगडी पुतळा घडवला. त्याचे अनावरण २००० सालच्या पहिल्या दिवशी झाले. तिथे छिन्नी आणि ग्रंथ एकाच माणसाच्या हाती आले, हे खरे. पण त्या शिक्षणाचा पसारा मुख्यतः मंदिरे आणि मूर्तींपुरता राहिला, आणि आपली घरे, शाळा, बसस्थानके त्याच्या बाहेरच राहिली. बेकरांची माणसे आणि मामल्लपुरमची माणसे एका वर्गात बसली असती तर काय झाले असते, असे कधी कधी मनात येते.

आता पुन्हा व्हिट्रुव्हियसकडे, कारण त्याच्यावर मी थोडा अन्याय केला आहे. पहिल्या पुस्तकात हरवलेले हात त्याच्या शेवटच्या, दहाव्या पुस्तकात सापडतात, आणि ते पुस्तक वर्गात सहसा कोणी उघडत नाही. प्रस्तावनेत तो एफिससच्या एका जुन्या कायद्याची गोष्ट सांगतो. सार्वजनिक काम घेताना वास्तुविशारदाने अंदाजे खर्च जाहीर करायचा आणि आपली मालमत्ता तारण म्हणून अधिकाऱ्यांकडे द्यायची. काम त्या खर्चात झाले तर सन्मान. चौथा हिस्सा जास्त लागला तर तो सरकारी तिजोरीतून. त्याहून जास्त लागला तर वरचा सगळा पैसा वास्तुविशारदाच्या मालमत्तेतून. असा कायदा रोममध्ये असता तर किती बरे, असे तो उसासा टाकून लिहितो. आज मानधन बहुधा एकूण खर्चाच्या टक्केवारीवर ठरते, म्हणजे खर्च वाढला तर मानधनही वाढते. एफिससच्या माणसाला हे कसे समजावून सांगावे, मला सुचत नाही.

मग तो चाके, कप्प्या आणि दोरांकडे वळतो, आणि त्याची भाषाच बदलते. एफिससच्या मंदिराचे खांब खाणीतून आणायचे होते. जमीन मऊ, गाडीची चाके रुततील. तेव्हा खेर्सिफ्रोनने खांबाच्या दोन्ही टोकांना लोखंडी खुंट बसवले, भोवती लाकडी चौकट केली, आणि बैलांनी खांबालाच रुळासारखे गडगडत ओढत आणले. तुळया गोल नव्हत्या, त्या गडगडणार नाहीत; म्हणून त्याच्या मुलाने, मेटाजेनिसने, त्यांची टोके मोठ्या चाकांत अडकवली. बापाची युक्ती मुलाने बदलून घेतली. ही संगमरवराची खाण सापडली कशी तेही तो सांगतो: दोन एडके झुंजत होते, एकाचे शिंग चुकून खडकावर आपटले, पांढरीशुभ्र ढलपी उडाली, आणि पिक्सोदारोस नावाचा मेंढपाळ ती घेऊन शहराकडे धावला.

त्यानंतर व्हिट्रुव्हियस आपल्या काळातल्या एका माणसाकडे येतो. अपोलोच्या भव्य पुतळ्याखालचे जोते जुने होऊन तडकले होते, नवे त्याच खाणीतून आणायचे होते. बारा फूट लांब, आठ फूट रुंद, सहा फूट उंच. पाकोनियस नावाच्या ठेकेदाराने ते काम घेतले. मेटाजेनिसची रीत त्याला साधी वाटली असावी. त्याने आपली सुधारणा केली. दगडाच्या दोन टोकांना सुमारे पंधरा फुटी चाके, चाकांमध्ये लाकडी दांड्यांचे पिंप, आणि त्या पिंपाभोवती मधोमध गुंडाळलेला एकच दोर. बैल दोर ओढतील, दोर उलगडेल, चाके फिरतील. चाके फिरलीही. पण दोर उलगडताना कधी या अंगाला सरके, कधी त्या अंगाला, आणि दगड सरळ रस्त्याने न जाता बाजूला वळे. मग तो मागे ओढायचा, सरळ करायचा, पुन्हा पुढे ओढायचा, तो पुन्हा वळायचा. असे ओढता ओढता पाकोनियसचे सगळे पैसे संपले आणि त्याचे दिवाळे निघाले.